सतरावी शीट

सर, तुम्हाला जाऊन महिना होत आला, आणि तुमचं नाव लावायला जागाही ठरली आहे. कोणती ते ऐकलं असतंत तर चष्मा कपाळावर सरकवून नुसते माझ्याकडे बघत राहिला असतात. जबलपुरात ओमती नाल्यापासून दोन गल्ल्या आत, स्वातंत्र्यलढ्यात मारल्या गेलेल्या आपल्या भागातल्या माणसांचं जे स्मारक तुम्ही बांधलंत, त्याच्या फाटकावर. तेच हिरवं, भाल्याच्या टोकांचं, कुलूप घातलेलं फाटक. शोकसभेत स्मारक समितीच्या सचिवांनी जाहीर केलं की फाटकावर संगमरवरी कमान चढवायची, तिच्यावर तुमचं नाव कोरायचं आणि त्याला स्मृतिद्वार म्हणायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, हेही आता सांगायची वेळ आली आहे.

मग सचिव माझ्याकडे वळले. सरांच्या हाताखाली मी काम केलेलं, सरांसारखी अक्षरं माझ्याइतकी कोण काढणार, तेव्हा शनिवारपर्यंत मी कमानीचा नकाशा द्यावा, असं त्यांनी माइकवरूनच सांगितलं. नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड दिसला. मी मान हलवली.

मान हलवली खरी, पण मनात पाल चुकचुकत होती. ज्या फाटकावरून मी तुमच्याशी अकरा वर्षं धड बोलले नाही, त्याच फाटकावर तुमचं नाव मी माझ्या हातानं काढायचं. मला वाटलं, समितीनं मुद्दामच ठरवलं असणार. यांनीच तुम्हाला फाटक घालायला लावलं आणि आता तेच तुमच्या गळ्यात बांधून मोकळे होत आहेत.

माझा स्वभाव संशयी आहे, हे तुम्ही पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतंत. वडील भंडाऱ्याकडून इथं फॅक्टरीत कामाला आले. आमच्या घरी शिकवणच होती की कुणी बसायला पाट दिला तर आधी पाट उलटून बघायचा. सरकारी बांधकाम ऑफिसात मी वीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. तिथून निवृत्ती घेऊन तुमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आले, तेव्हा तुम्ही एकच गोष्ट सांगितलीत, एक ओळ लिहून दाखवा. मी लिहिली. सोमवारपासून या म्हणालात. घरी जाताना मी रिक्षात विचार करत होते की यांनी आडनाव का विचारलं नाही? जबलपूरचा मराठी माणूस पाण्याच्या आधी आडनाव विचारतो. एक तर यांना आधीच ठाऊक आहे, नाही तर आपण विचारत नाही हे यांना दाखवायचं आहे. तुम्ही दीक्षितपुऱ्यातले, मराठ्यांच्या वेळेपासून इथं कारकुनी केलेल्या घरातले. पाट उलटून बघण्यासारखाच होता.

स्मारकाचं काम आलं तेव्हा आपण खऱ्या अर्थानं भांडायला लागलो, आणि ते दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. समितीला हवा होता एक उंच चौथरा, नऊ पायऱ्या आणि वर एक खांब. तुम्ही ते चित्र बाजूला सारलंत आणि मला म्हणालात, "पायरी आली का चपला निघते. चपला निघाल्या का देऊळ झालं. अन् देऊळ झालं का किल्ली कोणाजवळ, यावर भांडण." इतिहास लोकांना पुस्तकातून कमी आणि पायांतून जास्त कळतो, असं तुमचं म्हणणं. बांधणाऱ्यानं माणसाला कुठं थांबवलं, कुठं मान वर करायला लावली, कुणाला आत घेतलं आणि कुणाला रस्त्यावर ठेवलं, तेवढाच देश त्याच्या लक्षात राहतो. मला हे पटलं होतं, म्हणूनच भीती वाटली. ज्याला हे इतकं नीट कळतं, तो माणसांना हवं तसं वळवूही शकतो.

एकदा तुम्ही मला कमानिया गेटखाली घेऊन गेलात. तेही राष्ट्राच्या इतिहासातल्या एका मोठ्या सभेचंच स्मारक. भर बाजारात, खालून रिक्षा चालल्या आहेत, गाय उभी आहे, एक बाई भाव करते आहे. तुम्ही म्हणालात, बघा, गेट आहे पण दार नाही. मी म्हटलं, हे कशासाठी बांधलं हे इथल्या बहुतेकांना माहीत नसेल. तुम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही. माहीत नसलं तरी रोज त्याखालून जातात ना, विचारावंसं वाटलं तर अडवणारं कोणी नाही, असं म्हणालात. माझं समाधान झालं नाही. नुसतं खालून जाण्याला स्मरण म्हणायचं तर मग गाय सगळ्यात मोठी देशभक्त. तुम्ही इतके हसलात की ती भाव करणारी बाई वळून बघायला लागली.

खरं भांडण झालं ते नावांवरून. नावं जमिनीवरच्या फरशीत कोरावी, म्हणजे वाचताना प्रत्येकाची मान आपोआप खाली जाईल, अशी तुमची कल्पना. नकाशा सुंदर होता. मी तो पाहिला आणि माझं डोकं तापलं. त्या यादीत पखालवाला होता, नर्मदेचा नावाडी होता, आमच्यातले तिघं होते. मी म्हटलं, "सर, आमच्या लोकांच्या नावांवर आजवर पायच पडले. आता दगडात कोरून पाडता काय? अन् मान खाली घालायला आम्हाला नका शिकवू." तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. तीन दिवस ऑफिसात आपण फक्त मापांचं बोललो.

चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर नवा नकाशा होता. खुर्चीइतक्या उंचीची गोल भिंत, मदनमहालच्या टेकडीसारख्या करड्या दगडाची, आणि तिच्यासमोर तसाच बसायचा कट्टा. नावं आतल्या उतरत्या बाजूला. बसल्याशिवाय वाचताच येऊ नयेत, मग सेठ असो की हमाल. मी तो नकाशाही उलटून बघितला. नावं कोणत्या क्रमानं, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, अक्षरांच्या. मी म्हटलं, आडनावाच्या अक्षरांनी लावलीत तर सगळ्या जाती आपापल्या ओळीत बसतील. मग गावांच्या क्रमानं ठरलं, आणि गावात पहिल्या नावानं. शेवटी तुम्ही हातभर दगड कोरा सोडलात, ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत त्यांच्यासाठी. मी म्हटलं, उद्या तिथं देणगीदाराचं नाव येईल. तुम्ही म्हणालात, मग तू पहारा कर. आणि त्याच दिवशी शब्द दिलात की कठडा नाही, फाटक नाही, कुलूप नाही.

पुढे नागपूरला आई आजारी पडली. नकाशांचा संच मी दोन दिवसांत घाईघाईनं पुरा केला, तुम्ही दिलेली शीटांची यादी वर लावली, ऑफिसात जमा केला आणि गाडीत बसले. तीन महिन्यांनी आईचं सगळं आटोपून परत आले तेव्हा काम जवळपास झालं होतं. भिंत होती, कट्टा होता, कोरा दगड होता. आणि सभोवती कंपाउंड, समोर फाटक. ते फाटक मी चांगलं ओळखत होते. शाळेला तेच, दवाखान्याला तेच, पंपहाउसला तेच. म्हणजे समितीनं दबाव टाकला आणि तुम्ही मान डोलावलीत. समितीत तुमचे दोन नातलग होतेच. आपला तो बाब्या. मी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "राहून गेलं माझ्याकडून. आता झालं ते झालं." माणूस खिडकीबाहेर बघायला लागला की कुठंतरी पाणी मुरत असतं, असं मी वीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते.

तरीही मी राहिले असते. पण त्याच थंडीत एका दुपारी मी तिथून जात होते, तर फाटकाशी एक म्हातारा उभा. बरगीकडचा मासेमार. त्याच्या आजोबाचं नाव भिंतीवर होतं. गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. गावाचं नाव दगडात लिहिलंय असं कुणी सांगितलं म्हणून तो बस बदलत आला होता. कुलुपाची किल्ली सचिवांकडे आणि सचिव कुठल्याशा लग्नाला. म्हाताऱ्यानं गजांतून कोपरापर्यंत हात आत घातला होता, आणि भिंत तिथून दहा पावलं लांब. त्यानं मला विचारलं, "बाई, ये ताला किसने लगवाया?" मी तुमचं नाव सांगितलं. आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्यानंतर आपण लग्नामुंजीत भेटलो, नमस्कार केले, बस. दर वर्षी तुम्ही वहिनींच्या हातून पेन्सिलींचा डबा पाठवत राहिलात. मी पेन्सिली वापरल्या, निरोप कधी पाठवला नाही. दवाखान्यात एकदा आले. तुम्ही काहीतरी कामाचं बोलायला लागलात. मला वाटलं, आता हे माफी मागणार, आणि मी अजून माफ करायला तयार नव्हते. म्हणून मी म्हटलं, सर, पडून राहा, बोलू नका. तुम्ही ऐकलंत. नऊ दिवसांनी गेलात.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी कमानीसाठी फाटकाची मापं हवी म्हणून मी तुमच्या घरी गेले. वहिनींनी कपाटातून स्मारकाचे नकाशे काढून दिले आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी शीटा उलगडत गेले. तुमच्या यादीप्रमाणे सोळा होत्या. सोळाव्या शीटखाली सतरावी निघाली.

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला लिहून काढायची आहे. सरकारी ऑफिसात कुठल्याही संचाच्या शेवटी कंपाउंड आणि फाटकाची छापील शीट जोडावी लागायची. शाळा असो की गुरांचा दवाखाना, शीट तीच. फक्त कामाचं नाव, तारीख आणि काढणाऱ्याची सही भरायची. ती नसली की संच परत यायचा आणि साहेब ओरडायचे. वीस वर्षं मी ती शीट न बघता जोडली. पोळ्या झाल्या की हात आपोआप गॅस बंद करतो, तशी. त्या शीटांचा गठ्ठा नोकरी सोडताना माझ्याबरोबर आला होता. आणि नागपूरची गाडी पकडायच्या गडबडीत माझ्या हातानं तुमच्या स्मारकाला ती शेवटी लावली. कामाचं नाव माझ्या अक्षरात. सही माझी. ज्या अक्षरावर तुम्ही मला कामावर ठेवलंत, तेच अक्षर.

ठेकेदारानं मंजूर नकाशाप्रमाणे काम केलं. त्याचा काय दोष? समितीनं काहीच केलं नव्हतं. तुम्हीही नाही. सतराव्या शीटला, मंजुरी देणाऱ्या सरकारी ऑफिसला तुम्ही लिहिलेल्या पत्राची नक्कल टाचलेली होती. "सतरा क्रमांकाचा नकाशा माझ्या नजरचुकीने जोडला गेला आहे, जबाबदारी माझी आहे, फाटक व कंपाउंड काढण्याची परवानगी मिळावी," असं तुम्ही लिहिलेलं. खाली दुसरं पत्र, तिसरं पत्र. तिसऱ्यात खर्च स्वतः देतो असंही होतं. उत्तर एकच आलेलं, दोन ओळींचं, की काम मंजूर नकाशाप्रमाणे झाले असल्याने बदल शक्य नाही.

मी ते वाचलं आणि सर, मला पहिल्यांदा रडू नाही आलं, राग आला. का नाही सांगितलंत? बाकीच्यांच्या चुका तुम्ही अख्ख्या मजल्याला ऐकू जातील अशा सांगायचात. एका मुलानं जिन्याची एक पायरी कमी काढली होती, तर त्याला तुम्ही चौथ्या मजल्यापर्यंत मोजत चढायला लावलंत. माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत. मला तेव्हा तो मान वाटायचा. आता त्या पत्रांसमोर बसून वाटलं, की मान नव्हता, सांभाळून घेणं होतं. या बाईला बोललो तर लोक काय म्हणतील, किंवा हिला झेपणार नाही, किंवा हिच्या लोकांनी आधीच खूप सोसलंय. असं काही होतं का तुमच्या मनात? असेल तर तुमच्या तीन पत्रांपेक्षा त्या म्हाताऱ्यासमोर मी घेतलेलं तुमचं नाव परवडलं. मला तुमची दया नको होती. मला त्या जिन्याच्या मुलाला मिळाली तशी बोलणी हवी होती.

वहिनी चहा घेऊन आल्या. समोर शीट तशीच होती. मी सांगून टाकलं, फाटक सरांचं नाही, माझं आहे. वहिनींनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "मग मला काहून नाही सांगितलं कोणी?"

"मी म्हटलं होतं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "सांगून टाका ना, पोरगी फुकट राग धरून राहिली. तर म्हणत, मी सांगितलं तर तिला वाटेल, मी सोताला वाचवून राहिलो. तिला साऱ्या जगावर संशय येते. एक ना एक दिवस सोतावरही येईल. तेव्हा येईल ती भांडायला. मी वाट पाहून राहिलो."

हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून रचलं असेल का, हाही विचार माझ्या मनात येऊन गेला. काय करणार, स्वभावाला औषध नाही. पण रचलेलं वाक्य इतकं तुमच्यासारखं नसतं. मग मात्र मी रडले, आणि वहिनींनी मला रडू दिलं.

नंतर मी विचारलं, कमानीचं काय करायचं? त्या शीटा आवरायला लागल्या. मला वाईट वाटत होतं. त्या दिवशीचा त्यांचा उजळलेला चेहरा मी विसरले नव्हते. शेवटी म्हणाल्या, "त्यांचं नाव कुठं तरी लागावं वाटते मला, खोटं नाही सांगत. पण त्या फाटकावर नको. तू अर्ज लिही, मी सही करते."

शनिवारी मी सचिवांना नकाशाऐवजी अर्ज दिला. कमान नको, फाटक आणि कंपाउंड काढावं, सतरावी शीट माझ्या चुकीनं जोडली गेली, सोबत सरांच्या तीन पत्रांच्या नकला. त्यांनी तो दोनदा वाचला. भले माणूस आहेत, मी उगाच अकरा वर्षं त्यांना लबाड समजले. ते म्हणाले, मैडम, बाकी ठीक आहे, पण गलती आपकी थी, हे कशाला लिहिता, इतक्या वर्षांनी कोण विचारतो. मी म्हटलं, एकानं विचारलं होतं, आणि मी त्याला चुकीचं उत्तर दिलं. त्यांनी अर्ज फाइलला लावला. अर्ज बैठकीत ठेवतो म्हणाले.

फाटक निघेल की नाही, मला माहीत नाही. बरगीचा तो म्हातारा आता असेल की नाही, तेही माहीत नाही. गावाचं नाव मला ठाऊक आहे, पाण्यात गेलेल्या गावाची माणसं कुठं वसवली ते विचारत मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. त्याला किंवा त्याच्या घरच्यांना सांगेन की ताला मी लावला. तुम्हाला मात्र हे समोर बसून सांगायचं होतं, आणि दवाखान्यात तुम्ही काही सांगू बघत होतात तेव्हा मीच तुम्हाला गप्प बसवलं.

चूक माझी होती, सर. या, आता ओरडा.